मद्रासचा शेर

तिरुवल्लिकेणी, मद्रास
१२ जुलै १९६०

चि. हेमा हीस आईचे आशीर्वाद.

तुझे कार्ड चारुलताबाईंनी शाळेतून येताना भाजीच्या पिशवीत घालून आणले. वर दोडकी, खाली तू. दोन वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. थोडे तिरके झाले आहे, की घाईत लिहिलेस? यापुढेही त्यांच्याच पत्त्यावर लिहीत जा. बाई पुण्याच्या, समोरच्या घरात राहतात, तोंडाच्या घट्ट आहेत.

आठवा लागला हे वाचले. पहिले बाळंतपण आईच्या घरी व्हायचे, ही रीत मी मोडलेली नाही, एवढेच लिहिते. अप्पा बरे आहेत. नव्या वजनांपायी त्यांच्या कचेरीत काम फार वाढले आहे. दिवसभर दुकाने तपासत हिंडतात आणि घरी येऊन मलाच किलो-ग्रॅम शिकवतात. तुझे नाव काढीत नाहीत. सकाळी पेपरातला हवामानाचा रकाना मात्र मोठ्याने वाचतात. मद्रासचे सोडून देतात. दिल्ली, नागपूर, मुंबई असे वाचतात, आणि नागपूरपाशी थोडे थांबतात. मी काही विचारीत नाही.

लेहियमची कृती मागितलीस. सासूबाई डिंकाचे लाडू करणार आहेत ते खा, नको म्हणू नकोस. पण आपल्याकडच्या बाळंतिणीला काळे लेहियम पाहिजेच. मी इथेच करून पार्सलने धाडले असते. पण सुंठ-पिंपळी भाजली की वास चार घरे जातो, आणि या घरात बाळंतीण कोण असा प्रश्न निघेल. म्हणून कृतीच धाडते.

सुंठीची पूड दीड आळाक्कु, ओवा दीड आळाक्कु, पिंपळी आणि मिरी पाऊण पाऊण. सगळे शीग लावून मोजायचे, वरून सपाट करायचे नाही. कोरडे भाजून, कुटून, वस्त्रगाळ करायचे. गुळाचा पाक करून त्यात घालायचे, तिळाचे तेल लागेल तसे, मग तूप. कढईचा तळ सुटला की उतरवायचे. निवल्यावर मध. रोज सकाळी सुपारीएवढी गोळी.

शीग लावायची म्हणून मिरीला फार मोठी लावू नकोस. लहानपणी उन्हात तुझा घोळणा फुटायचा आणि मी तुझे नाक चिमटीत धरून बसायची, ते विसरलीस का? तुझे अंग उष्ण. लेहियम औषध आहे, पण प्रमाणात.

तुझी आई


३० जुलै १९६०

चि. हेमा हीस आशीर्वाद.

तुझे दुसरे कार्ड वाचून चारुलताबाई आणि मी दोघी हसलो. 'आळाक्कु म्हणजे भांडं आहे का देव आहे, बाप्पा?' असे तुझ्या सासूबाईंनी, जयवंतीबाईंनी, विचारले म्हणून लिहिलेस. त्यांना सांग की भांडे आहे, पितळेचे, पण आमच्या घरात देवाएवढेच जुने. आठ आळाक्कुंची एक पडी. आता म्हणतील पडी म्हणजे काय. तेव्हा तू म्हणतेस तेच खरे, वजनात लिहिलेले बरे.

पण वजन आणायचे कुठून? आपल्या घरात काटा नाही. वजनमापाच्या इन्स्पेक्टरच्या घरात काटा नाही, हे कोणाला सांगून पटायचे नाही. अप्पांना विचारावे तर पहिला प्रश्न 'कोणासाठी' असाच येईल. म्हणून आळाक्कु पदराखाली घेऊन काष्ठौषधीच्या दुकानी गेले. तेच, देवळाच्या तळ्यापाशी, जिथे तू लहानपणी ज्येष्ठमध चघळत उभी राहायचीस. दुकानवाले चेट्टियार आता फार म्हातारे झाले आहेत. म्हणाले, "अम्मा, मापाने घेणाऱ्याने वजन विचारू नये आणि वजनाने घेणाऱ्याने माप विचारू नये. दोघांचं भांडण लागतं."

ते खरेच निघाले. तोच आळाक्कु, तीच शीग. पण ओवा भरला तर काटा एक सांगतो, मिरी भरली तर दुसरेच. सुंठीची पूड नुसती ओतली तर हलकी, आळाक्कु दोनदा आपटला की खाली बसते आणि आणखी मावते. मी इतकी वर्षे ती आपटते की नाही, हेच मला आठवेना. दुकानात उभ्या उभ्या घाम फुटला. शेवटी डोळे मिटून, घरी भरते तशी भरली. हात आपोआप एकदा आपटला. तेव्हा एकदाच.

आता लिहून घे. सुंठीची पूड अर्धा शेर. ओवा अर्धा शेर. पिंपळी पाव शेर. मिरी पाव शेर, काकणभर कमीच. गूळ एक किलो. गूळ शेजारच्या दुकानी तोलला, तिथे नवी वजने आली आहेत. चेट्टियारांकडे अजून जुनीच आहेत.

शेर हा शब्द तुमच्याकडेही आहे हे बरे झाले. गिंडीच्या कारखान्यात नवी वजने तपासायला अप्पा गेले आणि तिथल्या मुलाला आपले मराठी बोलतो म्हणून कौतुकाने घरी जेवायला घेऊन आले, तो दिवस आठवतो ना? उमाकांत पानावरून उठताना म्हणाला होता, "आज शेरभर भात जेवलो." आपले मराठी पिढ्यान्‌पिढ्या मद्रासेत राहिलेले, त्याचे नागपूरकडचे; त्याचे अर्धे बोलणे मला कळले नव्हते, एवढे कळले होते. पुढे तू न सांगता त्याच्याशी लग्न करून नागपूरला गेलीस, जे झाले ते झाले. "मी वजनं तपासायला गेलो आणि माणूस तपासायचा राहिला," असे अप्पा तेव्हा म्हणाले, ते त्या विषयावरचे शेवटचे. पण निदान एक शब्द दोन्हीकडचा निघाला.

पायांना सूज आहे का ते लिही. मागच्या पत्रात विचारायचे राहिले.

तुझी आई


२४ ऑगस्ट १९६०

हेमा, हे पत्र हाती येताच आधी खालचे वाच. लेहियम खाऊ नकोस. केले असेल तर बाजूला ठेव. घरात कोणाला देऊ नकोस.

आता सांगते. उमाकांतचे कार्ड परवा आले. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, आई लेहियमच्या तयारीला लागली आहे, असे त्याने लिहिले होते. चारुलताबाईंच्या ओसरीवर मी ते उभ्यानेच वाचले. त्यांनी साखर दिली, ती खाल्ली. घरी येऊन रोजच्यासारखा स्वयंपाक केला. आनंद झाला तरी भांडी रोजच्यासारखीच वाजवावी लागतात या घरात.

आज दुपारी अप्पा जेवायला आले होते. हसत होते. म्हणाले, "आज सौकारपेटेत एक गंमत झाली. मुंबईकडचा एक व्यापारी आणि इथला दुकानदार शेरावरून भांडत होते. दोघेही खरे. त्याचा शेर ऐंशी तोळ्यांचा, आपला मद्रासचा चोवीस तोळ्यांचा. शेर म्हणजे शेर, असं दोघंही ओरडतायत. सरकारने जुन्या वजनांच्या आधी तो शब्द बंद करायला हवा होता."

मी रसम वाढत होते. माझ्या तोंडून गेले, "नागपूरचा किती तोळ्यांचा?"

"नागपूर कुठून आलं मध्येच?"

"तुम्ही रोज पेपरात वाचता, म्हणून."

त्यांनी भात कालवला. बराच वेळ नुसता कालवत राहिले. मग म्हणाले, "नागपूरचाही ऐंशीचा."

रसम पानाबाहेर सांडले होते. त्यांनी पाहिले आणि पान जरा मागे ओढले.

हेमा, मी लिहिलेला शेर मद्रासचा. सासूबाईंनी तोलला असेल तो नागपूरचा. सुंठ, ओवा, पिंपळी, मिरी, सगळे तिपटीहून जास्त गेले असेल. आणि गूळ किलोत लिहिला होता, तो आहे तेवढाच. म्हणजे गोडाने सांभाळायचे तेही नाही. इतके तिखट आणि इतके उष्ण, ओल्या बाळंतिणीला. तुझे अंग मला ठाऊक आहे. रक्त जास्त जाते का? डोके दुखते का? बाळ पिऊन रडते का? यांतले काहीही होत असेल तर लाजू नकोस, डॉक्टरीणबाईंना बोलाव आणि काय खाल्लेस ते स्पष्ट सांग.

सासूबाईंना सांग की त्यांचे काही चुकले नाही. त्यांनी लिहिले तसेच केले असणार. चूक माझ्या शब्दात आहे.

हे पत्र आत्ताच टाकते. पोचायला तीन दिवस लागतील. तोवर रोज सकाळी एक गोळी, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आई


२५ ऑगस्ट १९६०

चि. हेमा,

कालचे पत्र वाटेत असेल. हे त्याच्या मागून. तार मिळाली असेल तर तुला सगळे ठाऊकच आहे, तरी लिहिते, कारण मला स्वस्थ बसवत नाही.

सकाळी अप्पा कचेरीला गेल्यावर चारुलताबाईंनी मला इंग्रजीत तार लिहून दिली. ती घेऊन मी तारघरात गेले. रांगेत माझ्यापुढे एक बाई होती, तिचा भाऊ वारला होता. तिची तार घेतली तसा माझा हात मागे आला. तार म्हणजे दुसरे काय असते? तू खाटेवर, कुशीत बाळ, आणि दारात तारवाला. कागद उघडण्याआधी तू अप्पा गेले असेच समजशील. त्या धक्क्याने जे होईल ते लेहियमाने व्हायचे नाही. मी रांगेतून बाहेर पडले. पुन्हा उभी राहिले. पुन्हा बाहेर पडले. तारबाबू म्हणाला, "काय अम्मा, देणार की नाही?" मी नाही म्हटले.

घरी आले तर अप्पा ओसरीवर बसलेले. जेवायच्या वेळेआधी कधी घरी येत नाहीत. म्हणाले, "अगे, कालपासून तुझं चित्त कुठे आहे? दोन शेर कोणाच्या घरात मिसळले?"

मी चारुलताबाईंचे नाव सांगणार होते. सांगितले असते तर चालले असते. पण मग तार कोण करणार? मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. कार्डे, आळाक्कु, चेट्टियार, शेर. बाळ झाले तेही.

ते उठले, शर्ट अडकवला, गुंड्या लावल्या, वहाणा घातल्या आणि निघून गेले. मला वाटले आता हे जेवायलाही यायचे नाहीत.

परत आले ते तपासणीचा काटा आणि वजनांची पेटी घेऊन. मागोमाग सुंठ, ओवा, पिंपळी, मिरीची पुडकी. "तुझा तो आळाक्कु काढ," म्हणाले.

मी सुंठीची पूड भरली. त्यांनी सवयीने वरून पट्टी फिरवली.

"शीग पाहिजे," मी म्हटले.

"शीग म्हणजे किती?"

"राहील तितकी."

"हे काय माप झालं?"

"तुमच्या आईचं माप आहे. त्यांना विचारायचं होतं."

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. मला तीनदा भरायला लावले, तिन्ही वेळा वजन वेगळे आले. माझी मान खाली गेली. त्यांनी कपाळाला हात लावला. "शरी, बरं. म्हणजे या घरातली बाळंतपणं आजवर अंदाजाने झाली."

"झाली ना," मी म्हटले. "तुमची पोरगी त्याच अंदाजावर वाढली."

'पोरगी' हा शब्द दोन वर्षांनी निघाला. मी जपून काढला नव्हता, निघाला. त्यांनी ऐकला आणि पिंपळीचे पुडके सोडायला घेतले. मग सरासरी काढून एकेक आकडा मला सांगितला, तो खाली लिहिते. सुंठ एकशे चाळीस ग्रॅम. ओवा एकशे चाळीस. पिंपळी सत्तर. मिरी साठ. "मिरी सत्तर नको का?" मी विचारले. म्हणाले, "तिचा घोळणा फुटतो." मग काट्याची पारडी पुसत बसले.

तार त्यांनी काटा आणायला जातानाच केली होती, मला नंतर सांगितले. घरी नव्हे, उमाकांतच्या नागपूरच्या कारखान्यात. "कारखान्यात रोज तारा येतात, तिथे कोणी भीत नाही. तो घरी जाऊन सांगेल." हे मला रांगेत का सुचू नये? खाली नाव घालायचे की नाही यावर ते अडले असावेत, कारण घातलेच नाही. 'इन्स्पेक्टर, मद्रास' असे लिहून आले.

जेवताना एकच विचारले, "वजन किती भरलं?"

"सांगितलं की तुम्हीच आत्ता. एकशे चाळीस."

"सुंठीचं नव्हे."

मी म्हटले, उमाकांतने ते लिहिले नाही. "पहिली लिहायची गोष्ट ती," म्हणाले, आणि ताक घेतले नाही.

तार वेळेवर गेली का, तू काय खाल्लेस, काहीच ठाऊक नाही. वास आता घरभर आहे. समोरच्या माडीवरून दोघींनी विचारले, "कोण बाळंत झालं?" मी आतूनच, कोणी नाही, असे म्हणणार होते. त्याआधी ओसरीवरून आवाज गेला, "आमच्याकडे." एवढेच. नाव नाही.

आई


३ सप्टेंबर १९६०

चि. हेमा हीस आईअप्पांचे आशीर्वाद.

तुमचे पाकीट यांच्या नावावर आले. सकाळी ते तसेच खिशात घालून कचेरीला गेले. दिवसभर माझ्या हाताला काम लागेना. भातात दोनदा मीठ घातले. संध्याकाळी त्यांनी पाकीट माझ्यापुढे ठेवले, फोडलेले. मग रोजच्यासारखे पाय धुवायला गेले, त्यावरून कळले की वाईट नाही.

तीन दिवस ते खाल्लेस. तोंड पोळले, पोटात आग झाली, एकदा घोळणाही फुटला, बाळ रात्रभर कळवळले, आणि तरी चौथ्या दिवशी पुन्हा गोळी हातात घेतलीस. 'सासूबाईंपुढे तुझं औषध वाईट आहे असं कसं म्हणू' असे लिहिलेस. हेमा, हे वाक्य मला पुढे वाचवेना. इतके तिखट माझ्या हातचे कधी होते का? तुला शंका का आली नाही? की आईने रागाने केले असेल असे वाटले? नको, हे लिहून कळवू नकोस. समोर बसून सांग.

तारेने उमाकांतला घाबरवले हे वाचून अप्पा हसले. इन्स्पेक्टरची तार म्हणून कारखान्यात साहेबाने कोठार उघडून सगळी वजने तपासायला घेतली, हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवले. "शिस्त आहे तिथे," म्हणाले. जयवंतीबाईंनी उरलेले लेहियम टाकले नाही, त्यात तिप्पट गूळ घालून घरातल्या गड्यामाणसांना वाटले, हे बरे केले. आणि त्यांचे बोलणे तू लिहिलेस ते मी चारुलताबाईंनाही सांगून आले, "काय बाप्पा, आमचा शेर तं वाघ हाय, तुमच्या मद्रासचा शेर मांजर निघाला." इन्स्पेक्टरांना तो विनोद कळायला थोडा वेळ लागला. रात्री अंथरुणावर कळला.

डॉक्टरीणबाईंनी तपासले, रक्त ठीक आहे, बाळ पिते. हे तू लिहिलेस. पण खरे किती आणि आईला बरे वाटावे म्हणून किती, हे मला पत्रावरून कळत नाही. मीही तुला अशीच पत्रे लिहिते.

बाळाचे वजन तू सहा पौंड लिहिलेस. त्याखाली यांनी पेन्सिलीने मांडून ठेवले आहे, दोन किलो सातशे बावीस. मी विचारले, कमी आहे का? म्हणाले, "कोणत्या काट्यावर भरलं? तो कोणी तपासला होता? बाळ दुपट्यासकट तोललं की दुपट्याशिवाय?" मी म्हटले, मला काय ठाऊक. तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याने सांगितलेलं वजन आमच्या खात्यात धरत नाहीत. जाऊन बघावं लागतं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते पेपर वाचायला लागले. आज हवामान वाचलेच नाही.

रजेचा अर्ज दिला आहे. मंगळवारच्या ग्रँड ट्रंकने निघतो. नवीन लेहियम, एकशे चाळीसचे, बरणीत भरून घेतले आहे. काटा सरकारी, तो नेता येत नाही, याची त्यांना चुटपुट लागली आहे. पेटीत माझा आळाक्कु मात्र त्यांनीच घातला, लुगड्यांच्या घडीत, चेपू नये म्हणून. "तिथे कोणी पाहिलेला नाही ना," म्हणाले.

ते आल्यावर काय बोलतील, बोलतील की नुसते बसून राहतील, मला ठाऊक नाही. भीती वाटतेच. तू त्यांना वाकून नमस्कार करायला उठू नकोस, अजून टाके ओले असतील. बाळ त्यांच्या हातात दे. बाकीचे मग बघू.

जयवंतीबाईंना सांग, मद्रासचे मांजर येत आहे.

तुझी आई